भोपळ्याचा रिकामा तोबरा

मी एक म्हातारा घोडा आहे. अंगाने तांबूस, पोटाने गोल आणि स्वभावाने थोडासा अडेल. माझे नाव भोपळ्या. हसू नका, मित्रांनो. मी शिंगरू असताना ज्यांनी माझे नाव ठेवले, त्यांना माझ्या पोटापलीकडे काही दिसलेच नाही, त्याला मी काय करणार? तुम्हा माणसांना घोड्यांवरून बोलायची भारी हौस. काम रखडले की म्हणे 'घोडे अडले', उशीर झाला की म्हणे 'वरातीमागून घोडे'. अडते तुमचे काम आणि बदनामी आमची! असो. या घोड्याच्या हातून, म्हणजे खरे तर नाकातोंडातून, आयुष्यात एक चांगले काम झाले आहे. तेच आज तुम्हाला सांगतो.

शहराच्या कडेला एक मोठी रोपवाटिका आहे. फुलझाडे, फळझाडे, मातीचे ढीग, कुंड्यांच्या उतरंडी आणि मधोमध एक मोकळे मैदान. मी इथेच लहानाचा मोठा झालो. माझे काम गाडी ओढण्याचे. गाडीत खत, माती आणि रोपे भरायची आणि घरोघरी पोहोचवायची. गाडी हाकायला आणि माझी देखभाल करायला मोतद्दार होते. त्यांना सगळे काकाच म्हणायचे. काका बोलायचे कमी. कमरेला रोपवाटिकेच्या किल्ल्यांचा जुडगा, आणि कोणी काही विचारले की आधी एक लांब 'हं', मग जमले तर उत्तर. पण माझ्याबद्दल त्यांना जेवढे ठाऊक होते, तेवढे मला स्वतःलाही नव्हते.

आता आमच्या जातीची एक विद्या सांगतो. आम्ही उभ्या उभ्या विश्रांती घेतो. तीन पायांवर भार टाकायचा आणि मागचा एक पाय सैल सोडून खुराचे नुसते टोक जमिनीला टेकवायचे. थोड्या वेळाने पाय बदलायचा. काका नव्या माळ्यांना सांगायचे, घोड्याने मागचा पाय सैल सोडला तर तो आरामात आहे, त्याला छळू नका. पुढचा पाय उचलून धरला तर मात्र हातातले काम टाका आणि खूर बघा. माळी मान हलवायचे आणि विसरून जायचे. त्यांना झाडांची काळजी, आणि झाडे बिचारी पाय उचलत नाहीत.

गाडीच्या दिवसांत माझे जेवण वाटेतच व्हायचे. एखाद्या दारात रोपे उतरवेपर्यंत काका माझ्या तोंडाला तोबरा बांधायचे. तोबरा म्हणजे गोणपाटाची पिशवी. तिच्यात भिजवलेले हरभरे घालायचे आणि तिचा पट्टा घोड्याच्या कानांमागून अडकवायचा. तोंड पिशवीत आणि जेवण तोंडात. वाटेवरच्या लोकांना ते बघून गंमत वाटायची. मलाही वाटायची, पण एका दिवसापर्यंतच.

त्या दिवशी ऊन फार होते. काका कुणाशी तरी बोलत होते आणि समोर पाण्याचा हौद होता. मला तहान लागली होती. मी तोबऱ्यासकट तोंड पाण्यात घातले. गोणपाट भिजून नाकाला घट्ट चिकटले आणि पिशवीत पाणी भरले. मान वर केली तरी श्वास येईना. मी चारही पाय झाडले आणि गाडी उलटवली. काकांनी धावत येऊन कात्रीने पट्टा कापला, तेव्हा कुठे माझ्या छातीत हवा शिरली. काका माझ्या मानेला मिठी मारून किती तरी वेळ तसेच उभे राहिले. पट्टा त्यांनी पुढे शिवला, पण तोबरा तबेल्यातल्या खुंटीवर टांगला तो टांगलाच. मला बादलीत चंदी, म्हणजे दाणा, मिळू लागली. तोबऱ्याचा वास जरी आला, तरी मी कान मागे पाडायचो.

मग रोपवाटिकेत टेम्पो आला. त्याला ना चंदी लागे, ना अंग घासायला खरारा. माझी गाडी शेडच्या मागे गेली आणि तिच्यावर वेल चढले. मीही असाच कुठेतरी गेलो असतो, पण रोपवाटिकेच्या मालकांची लेक, ज्यांना सगळे मोठ्या ताई म्हणत, त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदानावर लहान मुलांचे शिबिर सुरू केले. मुलांनी बिया पेराव्यात, मातीची भांडी करावीत आणि शेवटी घोड्यावरून मैदानाला एक फेरी मारावी, अशी त्यांची योजना. माझे नशीब पालटले. फेरीसाठी मुले रांगा लावू लागली. 'भोपळ्या, भोपळ्या' अशी हाक आली की मी मान ताठ करायचो. मुलांच्या खिशांत गाजर, बिस्किटे असायची, ती मी हळूच ओठांनी हुडकून काढायचो. लाड झाले की खोड लागते, तशी मलाही लागली. खिशात काही मिळाले नाही, तर मी मुलांच्या गालांवरचा खाऊही टिपायला लागलो.

आणि मग एका उन्हाळ्यात कोणीच आले नाही. फाटक बंद राहिले. काका तोंडाला फडके बांधून येत, मला चंदी घालत आणि लांब उभे राहून खोकल्याच्या साथीच्या बातम्या स्वतःशीच पुटपुटत. मला वाटले, माझेच काही चुकले. दिवसभर मी फाटकाकडे तोंड करून उभा असायचो.

पुढच्या उन्हाळ्यात फाटक उघडले. मुले थोडीच होती, पण आली, याचा मला इतका आनंद झाला की मी खिंकाळून सगळ्या मैना उडवून लावल्या. जवळून बघितले आणि बुचकळ्यात पडलो. सगळ्यांची अर्धी तोंडे गायब! नाकापासून हनुवटीपर्यंत कापडी मास्क, कपाळापर्यंत शिबिराची पिवळी टोपी आणि मध्ये दोन डोळे. मैदानावर चुन्याची गोल रिंगणे आखली होती. प्रत्येकाने आपापल्या रिंगणात उभे राहायचे. नुकतीच शाळेत जाऊ लागलेली पोरे ती. रिंगणात किती वेळ राहणार? कोणाचा मास्क हनुवटीवर, कोणाचा एकाच कानावर लोंबतोय, कोणी त्यात शिंकून रडतोय, तर दोघांनी 'तुझा ससा मला, माझे विमान तुला' म्हणून आपसात मास्कची अदलाबदलही केलेली. मोठ्या ताई आणि त्यांच्या मदतनिसांची दिवसभर धावपळ चालायची.

आणि त्या धावपळीत मी भर घातली. पहिल्याच दिवशी एक गोलमटोल मुलगा माझ्याजवळ आला. त्याच्या मास्कला दूध-बिस्किटांचा घमघमाट येत होता. दोन वर्षांचा उपाशी मी. ओठ पुढे केले, मास्क ओढला आणि खाल्ला. खरे सांगायचे तर चव काही खास नव्हती. मुलगा खूश झाला, पण मोठ्या ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी काकांना सांगितले की उद्यापासून एक तर घोड्याच्या तोंडाला काहीतरी बांधा, नाही तर त्याला तबेल्यातच ठेवा. काका 'हं' म्हणाले. मी खुंटीवरच्या त्या गोणपाटाकडे बघितले आणि कान मागे पाडले.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. ती माझ्या डोळ्यांसमोरच घडली, पण तिचे महत्त्व मला नंतर कळले.

शिबिरात एक चिमुरडी मुलगी आली होती. सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत तिखट. काकांनी तिचे नाव मिरी ठेवले. तिची आई दवाखान्यात परिचारिका होती आणि बाबा मालवाहू बोटीवर कामाला. साथीमुळे त्यांची बोट दूरच्या कुठल्याशा बंदरात अडकून पडली होती. शिबिर सुटले तेव्हा मुले फाटकाजवळच्या रिंगणांत उभी होती. मिरीची आई आली. दवाखान्याचा गणवेश, चेहरा झाकलेला, डोळे थकून लाल झालेले. ती सरळ आली आणि मिरीच्या शेजारच्या रिंगणातल्या मुलीचा हात धरून चालू लागली. तशीच उंची आणि तशीच पिवळी टोपी. ती मुलगी दोन पावले गेली आणि म्हणाली, "तुम्ही माझी आई नाही." सगळे हसले. आईही ओशाळून हसली आणि परत फिरून तिने मिरीचा हात धरला. मिरी हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मिरीने मास्क घालायला साफ नकार दिला.

मोठ्या ताईंना वाटले, तिला गुदमरत असेल. त्यांनी मऊ कापडाचा मास्क आणला. मग सैल इलॅस्टिकचा आणला. सशाचा आणला, फुलपाखरांचा आणला, एकावर तर मांजराच्या मिशा काढल्या. मिरी नाक मुरडायची आणि हात मागे बांधून उभी राहायची. कोणी जबरदस्तीने घातलाच, तर पाठ वळताच काढून चिखलात टाकायची. बाकीच्या मुलांसाठी तिला लांब बसवण्यावाचून इलाज नव्हता. मग तिची चटई मला बांधत त्या झाडाखाली आली. मलाही तोबऱ्याशिवाय मुलांजवळ जायची बंदी होती. काका रोज तोबरा घेऊन यायचे, मी रोज मान वर करायचो, आणि ते काही न बोलता परत जायचे. असे आम्ही दोघे हट्टी जीव, एक दोन पायांचा आणि एक चार पायांचा, झाडाखाली बसून, म्हणजे मी उभा राहून, इतरांचा खेळ बघायचो.

तिच्याकडे बघता बघता मला एक गंमत दिसली. मिरी उभी राहिली की थोड्याच वेळात एक पाऊल वर घ्यायची आणि दुसऱ्या पोटरीवर घासत तसेच ठेवून द्यायची. मग पाय बदलायची. अगदी आमच्यासारखे! मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मला तिचे झाडाखाली दिसले, आणि ती मला आपल्यातलीच वाटू लागली.

आठवड्याच्या अखेरीस मोठ्या ताईंनी मिरीच्या आईला फोन लावला. झाडाखाली उभ्या उभ्याच बोलत होत्या, म्हणून मला सगळे ऐकू आले.  बाकीचे पालक विचारतात, एका मुलीला सवलत का? सोमवारपर्यंत तिने मास्क घातला नाही, तर तिला ठेवून घेता येणार नाही. पलीकडून आई काय म्हणाली, ते ताईंनी नंतर काकांना सांगितले. घरी मुलीला सांभाळायला कोणी नाही. मिरीला घरी ठेवायचे, तर आईला दवाखाना सोडावा लागेल, आणि तिथे रात्रंदिवस माणसे कमी पडत आहेत. ताई म्हणाल्या, माझ्यापुढे एकीकडे आड आणि दुसरीकडे विहीर आहे. काका चंदी आणायला तबेल्याकडे वळले.

मिरीने ते ऐकले होते. ताई गेल्यावर ती उठली आणि माझ्या पुढच्या पायाला टेकून उभी राहिली. तेवढीच तिची उंची पुरायची.

"भोपळ्या, तुला एक सांगते. कुणाला सांगू नकोस हं. तोंड झाकलं की मी मी राहतच नाही. आई त्या मुलीला घरी घेऊन गेली असती ना, तर मी इथेच राहिले असते."

मित्रांनो, मी घोडा आहे. मला रडता येत नाही. पण मी मान वाकवून तिच्या डोक्याजवळ आणली. तिला गुदमरण्याचे भय नव्हतेच. ते भय माझे होते. तिला भय होते हरवण्याचे, तेही आईच्या डोळ्यांदेखत.

झाडामागे किल्ल्या वाजल्या. चंदीची बादली घेऊन काका उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते. बादली खाली ठेवून ते थोडे लांबच उकिडवे बसले आणि त्यांनी तिला विचारले, "काय गं मिरी, मी कोण?"

"काका."

"कशावरून? माझं तोंड तर तू कधी बघितलंच नाहीस. तू यायच्या आधीपासून माझ्या तोंडाला फडकं आहे."

मिरी विचारात पडली. म्हणाली, तुम्ही चालताना किल्ल्या वाजतात, आणि तुम्ही सारखे 'हं' करता. काकांच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या, म्हणजे ते हसत होते. पण मिरी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती म्हणाली, "तुम्ही एकटेच आहात. आम्ही सगळी सारखी आहोत. टोपी पण सारखीच."

काका उठून उभे राहिले. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "आपण भोपळ्याला विचारू. सोमवारी सगळ्या मुलांनी टोपी आणि मास्क घालून ओळीत उभं राहायचं. कुणी बोलायचं नाही. ह्याचंही तोंड बांधलेलं असेल. तरी हा तुला शोधतो का बघू."

"नाही शोधलं तर?"

"तर मी तुला पुन्हा कधी मास्क घाल म्हणणार नाही."

झाले! मला कोणी विचारलेच नाही. बोलणी त्या दोघांची आणि घोडामैदान माझ्यापुढे.

सोमवार उजाडला. काकांनी तोबरा धुऊन उन्हात वाळवला होता. पट्टाही नवा शिवला होता, आणि तो असा, की नुसता ओढला की सुटावा. तो त्यांनी मला दोन-तीनदा सोडून दाखवला. मग त्यांनी एक हात माझ्या मानेवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने तोबरा पुढे केला.  मला तो हौद आठवला, नाकाला चिकटलेले गोणपाट आठवले. मान वर करावी, चार पावले मागे जावे आणि सुटावे, असे वाटले. पण ओळीच्या टोकाला मिरी उभी होती. सशाचा मास्क तिने दोन्ही हातांनी नाकापुढे धरला होता. घालावा की न घालावा, तिचे ठरत नव्हते, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी तोबरा घातला नसता, तर तिनेही मास्क घातला नसता. मी मान खाली केली. पट्टा कानांमागे बसला. मिरीचे इलॅस्टिकही कानांमागे बसले.

मग काकांनी माझे तोंड भिंतीकडे वळवले, आणि मोठ्या ताईंनी मुलांच्या जागा बदलल्या. मला वळवून आणले तेव्हा समोर एक लांब ओळ होती. पिवळ्या टोप्या आणि झाकलेली तोंडे. माझी नजर म्हातारी. नाकावर माझा भरवसा होता, पण तोबऱ्यात नुसता जुन्या हरभऱ्याचा वास भरलेला. काकांनी दोरी सैल सोडली आणि ते मागे राहिले.

मी पहिल्यापासून निघालो. एक एक मूल बघत गेलो. पण मुलांना ताईंनी बजावले होते की हलायचे नाही, आणि कधी नव्हे ती सगळी मुले ताईंचे ऐकत होती! सगळी खांबासारखी ताठ. मिरीसुद्धा दोन पायांवर ताठ. मी ओळीच्या शेवटापर्यंत गेलो आणि मला ती सापडली नाही.

 मी काकांकडे बघितले. ते दोरीला हात लावायला तयार नव्हते. ताईंनी कपाळावर हात मारल्याचे मला दिसले. पिशवीत माझा श्वास गरम होऊन परत नाकात येत होता. मी शेवटी तेच केले, जे घोड्याला सगळ्यांत चांगले जमते. मी उभा राहिलो. मागचा पाय सैल सोडला आणि वाट बघत राहिलो.

मुले ती मुले. किती वेळ खांब होऊन राहणार? एकाने नाक खाजवले. एक झुलायला लागला. एकीने टोपी सारखी केली. आणि मधल्या एका रिंगणातून एक इवलेसे पाऊल हळूच वर उचलले गेले, दुसऱ्या पोटरीवर घासले आणि तिथेच थांबले.

मी सरळ तिकडे गेलो आणि तोबऱ्यासकट माझे तोंड तिच्या टोपीवर ठेवले. टोपी खाली पडली. मिरीने माझ्या पायाला मिठी मारली आणि सशाच्या मास्कमधून ती अशी खदखदून हसली की मास्क फुगायला लागला. सगळी मुले रिंगणे सोडून नाचली. ताईंनी त्यांना दोनदा ओरडून परत पाठवले आणि मग चष्मा काढून पुसला. एकदाचे गंगेत घोडे न्हाले!

पण मिरीने एक अट घातली. भोपळ्या तोबरा घालणार असेल, तरच मी मास्क घालणार. मग काय! रोज सकाळी मी तोबरा लावून मैदानात हजर. तोबरा रिकामा, कारण फेऱ्या मारताना खाल्ले तर मला ठसका लागेल, असे काकांचे म्हणणे. तोंडाला तोबरा आणि तोबऱ्यात काही नाही! घोड्याच्या जन्माला याहून मोठी थट्टा नसेल. पण मुलांना ते फार आवडले. ज्यांचे मास्क हनुवटीवर असायचे, त्यांनीही 'भोपळ्यापण घालतो' म्हणत ते नाकावर घेतले. मी मैदानाला फेऱ्या मारत राहिलो, आणि हौदाचे भय कधी गेले, ते मलाही कळले नाही.

मिरीच्या मनातला अर्धा काटा मात्र अजून तसाच होता. घोडा ओळखतो, पण आई? काकांनी तिच्या आईला फाटकाबाहेर गाठून सगळे सांगितले.  आई खाली बघत ऐकत राहिली, म्हणे. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा आत येऊन म्हणाली, आज मी शोधणार, कोणी हाक मारायची नाही. मुलांना तो खेळ ठाऊकच होता. सगळी टोप्या ओढून, पाठमोरी उभी राहिली. मी जवळच होतो. नुसता खिंकाळलो असतो, तरी तिला इशारा मिळाला असता. मी खिंकाळलो नाही. काही कामे ज्याची त्यानेच करायची असतात.

आई ओळीमागून सावकाश चालत आली. एका जागी थांबली. तिथे एका पायावर एक मुलगी उभी होती. आई खाली बसली आणि तिने मागूनच तिला कवेत घेतले.

"कसं ओळखलंस?" मिरीने विचारले.

"तुझे बाबा असेच उभे राहतात. चहा घेऊन खिडकीत उभे राहिले ना, की एक पाय वर." आईने तिची टोपी सारखी केली. "त्या दिवशी मी तुला बघितलंच नाही गं. टोपी बघितली आणि हात धरला."

मिरीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग रोज नीट बघत जा." आईने मान हलवली. त्या दिवशी दोघी फाटकातून गेल्या, तेव्हा मिरीच्या तोंडावर मास्क होता आणि तो काढायला कोणाचाही हात वर गेला नाही. शिबिर सुखरूप पार पडले. आई दवाखान्यात जात राहिली. पुढे बोट सुटली, बाबा घरी आले आणि एके दिवशी तिघे मला भेटायला आले. मी बाबांकडे बघितले. उभे राहून चारच गोष्टी बोलले असतील नसतील, पाय वर!

मित्रांनो, साथ ओसरली. तोंडे उघडी झाली. तोबरा पुन्हा खुंटीवर गेला. पुढच्या उन्हाळ्यांत शिबिर मोठे झाले. मैदानावर उड्या मारायची जाळी आली, दोरीवरून घसरायचा खेळ आला. म्हाताऱ्या घोड्यावरून सावकाश फेरी मारायला कोणाला वेळ असणार? मला वाईट वाटले नाही असे म्हणालो, तर ते खोटे होईल. काकाही थकले. गुडघ्याच्या दुखण्यामुळे ते काही दिवस येईनासे झाले आणि माळीच मला चंदी टाकून जाऊ लागले. त्याच दिवसांत माझ्या पुढच्या खुरात फुटक्या कुंडीची खापरी घुसली. दिवसेंदिवस खूर ठणकू लागला. मी तो पाय उचलून उभा राहायचो. येणारे-जाणारे म्हणायचे, भोपळ्याचे वय झाले, उभ्या उभ्या झोपतो. कोणी म्हणायचे, आता याचे किती दिवस राहिले?

त्या उन्हाळ्यात शिबिराच्या पहिल्या दिवशी मुले जाळीकडे धावली. त्यांतली एक धावता धावता थांबली. उंच झाली होती, केस कापले होते, समोरचे दात नवे आले होते. तिने माझ्याकडे बघितले. चेहऱ्याकडे नाही, खाली बघितले.

"ताई, हा चुकीचा पाय वर घेतोय," मिरी म्हणाली. "हा पुढचा आहे. ह्याला दुखतंय."

ताईंनी काकांना फोन केला. काका काठी टेकत आले, त्यांच्यामागून जनावरांचे डॉक्टर आले. खापरी निघाली, पू निघाला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते, तर हा घोडा वाचला नसता. काका मिरीकडे बघून 'हं' म्हणाले. इतका लांब 'हं' मी आयुष्यात ऐकला नव्हता.

खूर बरा झाला, तेव्हा मिरीने खुंटीवरून तोबरा काढला. झटकला. त्यात काठोकाठ भिजवलेले हरभरे भरले आणि दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरला. म्हणाली, "तेव्हा रिकामा घातलास ना? हा त्याबद्दल."

मित्रांनो, तुमच्या घरात माणसे आहेत, कदाचित एखादे जनावरही असेल. ती कशी उभी राहतात, कशी चालतात, थकली की काय करतात, हे एकदा नीट बघून ठेवा. तोंडे कधी झाकली जातात, कधी म्हातारी होतात, कधी आपले दुखणे सांगत नाहीत. आणि आम्हा मुक्या जिवांचे म्हणाल, तर तुमच्या त्या एका नजरेवरच आमचे सगळे आहे. मी काही फार मागत नाही. जाता जाता जरा पायांकडे बघत जा.

आता पुरे झाले माझे बोलणे. तोबरा धरून मिरीचे हात अवघडले असतील. मी आपणहून मान खाली करतो.